बाबांच्या आयसीडीचा मॉनिटर सारखा डिस्कनेक्ट होतो, आमच्याकडे शेवटी काय काय सापडलं

आधी प्रॉब्लेम सांगतो. बाबांना हार्ट अटॅकनंतर पंपिंग कमी राहिलं, ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा) २८, म्हणून तीन वर्षांपूर्वी आयसीडी बसवला, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं छातीतलं मशीन. गावात सगळे त्याला पेसमेकरच म्हणतात, आता मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय. बाबा आणि आई संगमेश्वर तालुक्यात गावी, मी पुण्यात, हॉस्पिटलही पुण्यातलं. दर तीन महिन्यांनी त्यांना एसटीत बसवून आणणं जमेना म्हणून रिमोट मॉनिटरिंगचा डबा घेतला. खाटेशेजारी ठेवायचा, प्लगला लावायचा, रात्री बाबा झोपले की तो छातीतल्या मशीनशी वायरलेस बोलतो आणि आतल्या सिमवरून माहिती पुढे पाठवतो. बाबांनी काहीच करायचं नाही, असं सांगून दिलेला.

आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी डिव्हाइस क्लिनिकमधल्या (हॉस्पिटलातला अशी मशीनं तपासणारा विभाग) ताईंचा फोन, "दादा, बाबांचा मॉनिटर परत डिस्कनेक्ट दाखवतोय." मी आईला फोन करणार, आई म्हणणार हिरवा दिवा तर लागलाय, मी म्हणणार प्लग काढून परत लाव, ती लावणार, दोन दिवसांनी आपोआप सुरू व्हायचं. की परत पंधरा दिवसांनी तेच. एकदा डबाच बदलून आणला. फरक शून्य. दुसरा डबासुद्धा अगदी पहिल्यासारखाच वागायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला की बिघाड डब्यात नसणार.

घाबरून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पहिल्या फोनला माझी झोप उडाली होती. मॉनिटर बंद म्हणजे आयसीडी बंद नाही. आयसीडी आपलं आपण चालतं. ठोके बिघडले तर काही सेकंदात स्वतः ओळखून पेसिंग (विजेच्या हलक्या झटक्यांनी ठोके ताळ्यावर आणणं) किंवा शॉक देतं, त्याला डबा, सिम, इंटरनेट काही लागत नाही. माहितीसुद्धा आत साठून राहते, कनेक्शन आलं की पुढे जाते. थांबतं ते फक्त डॉक्टरांपर्यंत कळणं. तेही हलकं घेऊ नका म्हणा. वायर म्हणजे लीड खराब व्हायला लागली, बॅटरी बदलायची वेळ आली, किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं) सुरू झालं आणि पेशंटला स्वतःला काहीच जाणवत नाहीये, अशा गोष्टी या डब्यामुळे लवकर कळतात. अमेरिकेत कनेक्ट नावाची ट्रायल झाली होती, २०११ मध्ये छापून आली, साधारण दोन हजार पेशंट होते. त्यात घटना घडल्यापासून डॉक्टरांनी काही ठरवेपर्यंत नेहमीच्या पद्धतीत २२ दिवस जायचे, रिमोटवर ते ४.६ वर आले. आमचा डबा महिन्यातले आठ दिवस मुका म्हणजे हा सगळा फायदा पाण्यात.

तर मी केलं काय. आईला एक शंभर पानी वही दिली. ॲपबिप काही नाही, वही. रोज एक ओळ लिहायची, बाबा कुठे झोपले, लाइट गेली होती का, घरात काही वेगळं झालं का. आई आधी वैतागली, "मी काय आता तुझी क्लार्क आहे का," पण लिहिलं बाईने, आणि दुधाच्या हिशेबापेक्षा नीट लिहिलं. तिकडे ताईंना विनंती केली की कुठल्या तारखांना डेटा आला नाही ते सांगा. बऱ्याच महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवलं आणि मी हसायलाच लागलो.

पण त्याच्या आधी एक महत्त्वाचं, जे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. इथे एक कनेक्शन नाही, दोन आहेत. एक छातीतलं मशीन ते डबा, दुसरं डबा ते सर्व्हर, म्हणजे मोबाइल टॉवर. दोन्हीचा बिघाड वेगळा, इलाज वेगळा. आणि हिरवा दिवा आमच्या डब्यात फक्त एवढंच सांगतो की वीज आहे! आम्ही वर्षभर त्या दिव्यावर भरवसा ठेवून बसलो. ताईंना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या स्क्रीनवर दोन्ही वेगवेगळं दिसतं, डबा शेवटचा कधी सर्व्हरशी बोलला आणि पेशंटच्या मशीनचा डेटा शेवटचा कधी आला. म्हणजे डबा रोज हजेरी लावतोय पण डेटा नाही, तर पेशंट डब्यापासून लांब आहे. डब्याचीच हजेरी नाही, तर वीज नाहीतर रेंज. तुम्हाला फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारा, "डबा दिसतोय का तुम्हाला?" निम्मं काम तिथेच होतं.

आता वहीत काय निघालं.

पहिलं, वीज. म्हणजे आकाशातली. कोकणात वळवाचा पाऊस सुरू झाला, कडकडाट झाला की घरातले सगळे प्लग काढायचे हे आमच्याकडे आजीपासून चालत आलंय आणि ते बरोबरच आहे, शेजाऱ्यांचा टीव्ही असाच गेला. आई टीव्हीचा काढते, फ्रिजचा काढते, डब्याचाही काढते. टीव्ही सकाळी लावला जातो कारण मालिका असते, फ्रिज लावला जातो कारण दूध असतं, डब्याची आठवण कोणाला येणार? तो खाटेखाली तसाच चार चार दिवस. मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळचे गॅप शंभर टक्के हेच होते. उपाय म्हणाल तर डब्याची पिन आता फ्रिजच्याच बोर्डावर आहे, वायर थोडी लांब घेतली. फ्रिज लागला की डबा लागतो. प्लग काढू नका असं मी आईला सांगितलं नाही, ती ऐकली नसती, आणि डबा जळला असता तर माझ्याच नावाने ओरड झाली असती.

दुसरं, पडवी. उन्हाळ्यात बाबा आत झोपतच नाहीत. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्यांची खाट पडवीत, आणि डबा आत खोलीत. मध्ये जांभ्याची भिंत, ती जुन्या घरातली, दीड फूट जाड. हे डबे कंपनीप्रमाणे साधारण दोन ते तीन मीटरवर चालतात. वायरलेस मशीनं बरीचशी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अगदी कमी ताकदीने बोलतात, कारण जास्त ताकद लावली तर छातीतली बॅटरी लवकर संपेल, आणि ती संपली की सेल बदलता येत नाही, पूर्ण मशीनच ऑपरेशन करून बदलावं लागतं. त्यामुळे भिंतीपलीकडून ऐकू येईल ही अपेक्षाच चूक. मी पडवीत एक पॉइंट काढून घेतला, वायरमनने सहाशे रुपये घेतले, या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेले सहाशे रुपये. खाट जाईल तिथे डबा जाईल.

तिसरं मला कळायला सगळ्यात उशीर लागला. बाबांना डब्याचा दिवा रात्री डोळ्यावर यायचा. त्यांनी कोणाला न सांगता डबा लोखंडी कपाटाच्या मागच्या फटीत सरकवून ठेवला होता, वर टॉवेल. अंतर बघितलं तर दीड मीटरसुद्धा नाही, म्हणून आम्ही म्हणायचो की अंतराचा प्रश्नच नाही. पण पत्र्याच्या कपाटामागून काय बोलणार तो! अर्धवट चालायचा, म्हणजे बाबा ज्या कुशीवर झोपले त्याप्रमाणे कधी डेटा यायचा कधी नाही. असं अधूनमधून येतंजातं असेल तर आधी बघा शेजारी लोखंडी कपाट, टीव्ही, मोठा स्टॅबिलायझर, असलं काही आहे का. दिव्याचं म्हणाल तर बऱ्याच मॉडेलला तो मंद करायची सोय असते, आमच्याला होती, माहितीपत्रकात पान सातवर लिहिलेलं, वाचलं कोणी?

चौथं, सणवार. गणपतीत आमच्याकडे चाकरमानी धरून बावीस माणसं. बाबांची खोली मुंबईच्या आत्याला, बाबा माजघरात सतरंजीवर, आणि डब्याची पिन काढून तिथे कोणाच्या तरी मोबाइलचा चार्जर. कोणाचा ते अजून कोणी कबूल केलेलं नाही. शिमग्यात तर वेगळीच गंमत, पालखीच्या दिवसांत बाबा रात्रभर घरीच नसतात. आमच्या मॉडेलची वेळ मध्यरात्र ते पहाटे पाचच्या आसपास, त्या वेळात पेशंट डब्याजवळ नसेल तर त्या रात्री डेटा पुढे जात नाही. हे गॅप बुजवायच्या मागे मी लागलो नाही. वर्षात चार-पाच रात्री पालखीबरोबर जाऊ देत की माणसाला. फक्त ताईंना आधी मेसेज टाकून ठेवतो की या तारखांना नाही यायचा डेटा, काळजी करू नका. त्यांना ते फार आवडतं, कारण रोज सकाळी त्यांच्याकडे डिस्कनेक्ट झालेल्यांची मोठी यादी असते आणि त्यातला प्रत्येक जण शोधत बसावा लागतो.

पाचवं टॉवर, आणि हे आपल्या हातात जवळपास नाहीच. पावसात लाइट जाते, दोन दोन दिवस येत नाही, मग टॉवरची बॅटरीपण मरते. घरी इन्व्हर्टर असला तरी रेंजच नसेल तर काय करणार. एवढं मात्र करता येतं, हेल्पलाइनला फोन करून डब्यातलं सिम कुठल्या कंपनीचं आहे ते विचारा, मग त्याच कंपनीचं सिम असलेला फोन डब्याच्या जागेवर ठेवून बघा किती रेंज येते. आमच्याकडे आतल्या खोलीत एक कांडी, खिडकीत तीन. खाटच खिडकीकडे सरकवली. तुमचा डबा फार जुना असेल तर तो कुठल्या नेटवर्कवर चालतो हेही विचारून घ्या. अमेरिकेत २०२२ मध्ये 3जी बंद झालं तेव्हा कितीतरी पेशंटचे जुने मॉनिटर बदलावे लागले. आपल्याकडेही काही कंपन्यांनी 3जी आधीच गुंडाळलंय आणि एका कंपनीचं नेटवर्क तर सुरू झालं तेच 3जीशिवाय, थेट 4जीवर. काही डब्यांना वायफायचा अडॅप्टर लागतो, घरी ब्रॉडबँड असेल तर तो पर्याय बघायला हरकत नाही.

आता ज्यांच्याकडे डबा नाही, फोनवरचं ॲप आहे त्यांचं. ठाण्याची माझी मावशी त्यात येते, तिचं मशीन नवीन, ब्लूटूथवालं. तिचंही डिस्कनेक्टचंच रडगाणं पण कारणं पूर्ण वेगळी. तिच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग आहे, ती मागे चालणारी ॲप मारून टाकते. शिवाय नातू रोज येऊन "आज्जी तुझा फोन स्लो झालाय" म्हणत सगळी ॲप वर सरकवून बंद करतो. रात्री झोपताना ती ब्लूटूथ बंद करायची, कुठल्या तरी व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये आलं होतं की त्याने डोकं दुखतं. तिच्याकडे जाऊन मी एवढंच केलं: त्या ॲपला बॅटरीची बंधनं काढून टाकली, लोकेशन आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या चालू केल्या, ब्लूटूथवर स्टिकर लावल्यासारखं तिला बजावलं, आणि नातवाला आइस्क्रीम. फोन बदलला की परत जोडणी करावी लागते हे तिला माहीत नव्हतं, जुन्या फोनमधलं ॲप नव्यात आपोआप आलं म्हणून ती निवांत होती, पण आलेलं नुसतं चित्र, आत जोडणी काही नाही. नवीन फोन घ्यायच्या आधी तो कंपनीच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत आहे का ते बघून घ्या, आणि अँड्रॉइडचा मोठा अपडेट आला की दोन दिवसांनी एकदा ॲप उघडून कनेक्शन तपासा.

आणि मावशीने जे केलं होतं ते प्लीज कोणी करू नका. रेंज मिळावी म्हणून ती फोन ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला, बरोबर मशीनच्या वर ठेवून झोपायची! फोन मशीनपासून निदान १५ सेंटिमीटर म्हणजे वीतभर लांब हवा. नवीन फोनांत चार्जिंगसाठी लोहचुंबक असतात, आणि लोहचुंबक जवळ आलं की आयसीडी तेवढ्यापुरतं शॉक देणं थांबवू शकतं, ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर वापरतात. म्हणजे डेटा जावा म्हणून धडपड आणि त्यात संरक्षणच बंद, असं होईल. फोन उशाशेजारच्या टेबलावर ठेवा, पुरतो.

अजून एक चुकीची सवय म्हणजे कनेक्ट झालं की नाही या शंकेने डब्यावरचं हाताने पाठवायचं बटण रोज दाबणं. बाबांनी एका आठवड्यात अकरा वेळा दाबलं होतं. प्रत्येक वेळी छातीतली बॅटरी थोडी खर्च होते, एकदोनदाने काही होत नाही पण रोजचं व्रत करू नका. क्लिनिकने सांगितलं तरच दाबा.

गावात एका गृहस्थांनी बाबांना सांगितलं की हे मोबाइलवरून हॅक करून कोणीही शॉक देईल. बाबांनी त्या दिवशी डबा सरळ पिशवीत घालून माळ्यावर टाकला, तो वहीतला सहावा गॅप. तर, भीती अगदी हवेतली नाही, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २००७ मध्ये आपल्या मशीनचं वायरलेस याच भीतीने बंद करून घेतलं होतं, आणि २०१७ मध्ये तिथे साधारण ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सुरक्षेचा सॉफ्टवेअर अपडेट काढावा लागला. पण त्या वेळी कोणा पेशंटला तसा त्रास झाल्याची एकही नोंद नव्हती, आणि तो अपडेटसुद्धा दवाखान्यात जाऊनच घ्यायचा होता. आमच्या डब्यातून माहिती फक्त बाहेर जाते, सेटिंग बदलायला बाबांना पुण्यालाच यावं लागतं. एवढं सांगितल्यावर पिशवी खाली आली.

सगळ्यात जास्त गैरसमज कशाचा असेल तर या डब्याला लोक ॲम्ब्युलन्सची बेल समजतात. माझा चुलतभाऊ म्हणाला, काका शहरातल्या डॉक्टरच्या नजरेखाली आहेत चोवीस तास. नाहीत! पलीकडे कोणी रात्री जागून स्क्रीन बघत बसलेलं नसतं, अलर्ट आला तरी ताई कामाच्या वेळेत बघतात, रविवारी आलेला सोमवारी. त्यामुळे आईच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन. लागोपाठ दोन किंवा जास्त बसले, किंवा एकच बसला पण चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं आहे, तर कोणाला विचारायचं नाही, १०८ ला फोन आणि जवळचं हॉस्पिटल. आधी डबा चालू आहे का बघत बसायचं नाही.

आता हे कनेक्शन एवढं सांभाळायचं कशाला, असं बाबा मलाही विचारतात. तर २०२३ मध्ये हार्ट ऱ्हिदम सोसायटी (हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची अमेरिकेतली संघटना) आणि बाकी खंडांतल्या अशाच संघटनांनी मिळून जे ठरवलं त्यात म्हटलंय की मशीन सतत कनेक्टेड असेल, अलर्ट काही नसतील आणि हृदयाच्या दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी पेशंटला यावं लागत नसेल, तर प्रत्यक्ष तपासणी अगदी २४ महिन्यांपर्यंत लांबवली तरी चालते. आमचे डॉक्टर वर्षातून एकदा बोलावतात, त्यांचं बरोबर आहे, बाबांची औषधंही बघावी लागतात. पण ही सवलत सगळी "सतत कनेक्टेड" या दोन शब्दांवर टांगलेली आहे. गॅप पडत राहिले तर परत दर तीन महिन्यांनी एसटी, आणि घाटात बाबांना गाडी लागते.

हेल्पलाइनला फोन करायच्या आधी एवढं जवळ ठेवा: पेशंटच्या कार्डाचा फोटो, ज्यावर मशीनचं मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो, आणि कुठला दिवा कुठल्या रंगात लागतोय किंवा लुकलुकतोय ते. मी दोनदा पुण्यातून फोन लावला आणि ते म्हणाले तिसरा दिवा कसा आहे, मी आईला दुसऱ्या फोनवर विचारतोय, आई म्हणतेय तिसरा डावीकडून का उजवीकडून. अर्धा तास गेला. सरळ व्हिडिओ कॉल करा नाहीतर घरच्यांनाच बोलू द्या.

सध्याची स्थिती, दिवाळीपासून आत्तापर्यंत दोनच गॅप, दोन्ही वहीत आधीपासून लिहिलेले, एक आत्याच्या नातवाचं बारसं आणि एक ट्रान्सफॉर्मर जळाला तो. एकच गोष्ट सुटलेली नाही, विजांचा कडकडाट असताना प्लग काढलेल्या त्या रात्री. छोट्या पॉवर बँकसारख्या कशावर डबा रात्रभर चालवायचा विचार होता पण हेल्पलाइनवाले म्हणाले कंपनीच्या अडॅप्टरशिवाय दुसरं काही लावू नका, मग मी तो नाद सोडला. छोटा यूपीएस मधे टाकून, भिंतीतली पिन काढून, अडॅप्टर त्यांचाच ठेवून कोणी चालवलंय का? चालवलं असेल तर हेल्पलाइनला विचारून केलं होतं का आणि किती तास टिकला तेवढं कळवा, वळीव यायच्या आत घ्यायचाय.